मांडवात भात आणि वर मी

मी एक जुनी ताडपत्री आहे. प्लास्टिकची नव्हे, हे आधीच सांगून टाकते. मित्रांनो, हल्ली ताडपत्री म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे तो निळा, सळसळणारा कागद उभा राहतो. मी जाड सुती कापडाची आहे, मेण आणि तेल पाजलेली. मला उचलायला चार माणसं लागतात. माझा मालक खलील कौतुकाने मला ‘वजनदार’ म्हणतो. त्याची बायको जुबेदा मला ‘धोंड’ म्हणते.

खोपोलीच्या शिळफाट्याला हमरस्त्याच्या कडेला एक छोटं दुकान होतं, तिथे माझा जन्म झाला. पदू नावाच्या कारागिराने मला शिवलं. तो दुहेरी शिवण घालायचा आणि प्रत्येक शिवणीवरून अंगठा फिरवून बघायचा. चौतीस पितळी रिंगा त्याने माझ्या कडेला ठोकल्या. त्यातल्या एकतीस अजून शाबूत आहेत, आणि उरलेल्या तिन्हींची गोष्ट पुढे येईलच.

पहिली नऊ वर्षं मी एका ट्रकवर काढली. बोरघाट चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. कांदा झाकला, मीठ झाकलं, साखर झाकली. एकदा साखर भिजली. ती माझ्यामुळे नव्हे, दोरी सैल बांधणाऱ्यामुळे. पण बोल मलाच लागला. ट्रक विकला गेला तेव्हा खलीलने मला घेतलं. लोधिवलीत त्याने नुकताच मांडवाचा धंदा सुरू केला होता. आठ बांबू, दोन सतरंज्या आणि मी, एवढ्यावर.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. लग्नं, साखरपुडे, गणपती, उरूस, क्रिकेटच्या स्पर्धा, सगळीकडे मी. चौकपासून खालापूरपर्यंत लोक म्हणायचे, खलीलचा मांडव गळत नाही. मी वर ताठ पसरलेली असायचे आणि खाली लोक पोटभर जेवायचे. खलीलला बांबू धरायला त्याचा शेजारी हिरू असायचा. दोघांनी मिळून किती मांडव घातले याचा हिशोब नाही. हिरू गेला त्याला आता सहा वर्षं झाली. त्याची बायको धोंडूबाई खलीलच्या अंगणाला लागून असलेलं शेत एकटीने कसते. तिचा मुलगा नीलेश रसायनीला कारखान्यात पाळीवर जातो.

मग हलक्या प्लास्टिकचा जमाना आला. एक माणूस खांद्यावर टाकून नेतो, दुसरा बांधतो. मी माळ्यावर गेले. तिथे उंदरांनी मला दोन भोकं पाडली आणि एका पावसाळ्यात माझ्या घडीत पिल्लंही घातली. पाहुणे म्हणून मी त्यांना वागवलं, कारण दुसरं कुणी मला विचारतच नव्हतं. जुबेदा दर दिवाळीत आणि दर ईदेला साफसफाई करताना म्हणायची, ही धोंड भंगारात द्या. खलील ‘देऊ, देऊ’ म्हणायचा आणि माळ्याची शिडी काढून ठेवायचा. चांगला माणूस आहे तो. पण त्याच्या हातून या मे महिन्यात एक चूक झाली, ती सांगायलाच मी तोंड उघडलं आहे.

मे महिना म्हणजे लग्नांचा हंगाम. खलीलचे सगळे निळे कागद भाड्याने बाहेर गेले होते, आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, त्याची एकुलती मुलगी उझमा हिचा निकाह ठरला होता. मांडववाल्याच्या घरचं कार्य आणि घरात मांडवाला कापड नाही. गावात हसं झालं. तेव्हा कुठे मला माळ्यावरून उतरवलं. खलीलने स्वतः बसून माझी भोकं ठिगळं लावून शिवली. त्याला शिवण येत नाही, पण मी तक्रार केली नाही.

रविवारी संध्याकाळी वळीव झाला. अर्धा तास धो धो पडला, विजा चमकल्या, धोंडूबाईच्या गोठ्यावरचा प्लास्टिकचा कागद वाऱ्याने फाटून चिंध्या झाला, आणि आभाळ मोकळं झालं. आमच्या भागातला माणूस वळवाला ओळखून असतो. एका संध्याकाळी येतो, धुडगूस घालतो, जातो. मग चार दिवस तरी लख्ख ऊन. म्हणून वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशी लोक विळे काढतात. धोंडूबाईचं उन्हाळी भात पिकून उभं होतं. नदीवरच्या मोटरीच्या पाण्यावर तिने ते वाढवलं होतं, आणि पुढच्या वर्षभराचा घरचा तांदूळ तोच होता.

त्या रात्री जेवताना उझमा फोन बघत म्हणाली, “अब्बा, पाऊस थांबणार नाही. कमी दाबाचा पट्टा आहे, पार विदर्भापासून खाली केरळपर्यंत. तो जागचा फारसा हलतच नाही. शुक्रवारपर्यंत रोज दुपारनंतर विजा आणि पाऊस, असा अंदाज दिलाय.”

“पाच दिवस वळीव?” खलील हसला. “माझ्या जन्मात बघितला नाय.”

“तुम्ही बघितला नाही म्हणून तो येणार नाही का? धोंडूकाकींना तेवढं सांगून या. त्या उद्या भात कापतील.”

खलील उठला नाही. त्याचंही एक कारण होतं. गेल्या वर्षी याच फोनने पाऊस सांगितला, म्हणून त्याने चौकच्या एका गिऱ्हाइकाला जेवणाच्या पंगती शाळेच्या वर्गात हलवायला लावल्या. दिवसभर कडक ऊन पडलं. बाकांमध्ये कोंबून बसलेले पाहुणे घामाने निथळले आणि खलीलची महिनाभर टिंगल झाली. पुन्हा हसं करून घ्यायला तो तयार नव्हता. मी अंगणात घडी होऊन पडले होते. कुंपण वीस पावलांवर होतं. ती वीस पावलं तो चालला नाही.

सोमवारी सकाळी धोंडूबाईने आणि दोन बायांनी सगळं भात कापलं. त्याच वेळी खलीलने माणसं लावून मला बांबूंवर चढवलं आणि दोऱ्या आवळल्या. कित्येक वर्षांनी मी वारा खाल्ला. वरून शेत दिसत होतं, कापलेलं भात उन्हाला पसरलेलं होतं, आणि धोंडूबाई बांधावर बसून भाकरी खात होती. दुपारी तीनला डोंगरामागून ढग चढले. साडेतीनला पाऊस कोसळला. सगळं भात भिजलं.

वळीव लागोपाठ दुसऱ्या दिवशी आला, याचंच लोकांना नवल. खलीलला नवल वाटलं नाही. तो मांडवाखाली उभा राहून शेताकडे बघत होता. मंगळवारी उजाडताच धोंडूबाई भिजलेल्या भाताच्या पेंढ्या उलटायला लागली. नीलेश शिळफाट्याला जाऊन रिकाम्या हाताने परतला. सगळ्यांनाच एकदम कागद हवे होते, दुकानं रिकामी झाली होती. धोंडूबाईच्या दोन खोल्यांच्या घरात भाताचा चौथा हिस्साही मावला नसता. आणि भिजलेलं भात तीन-चार दिवस तसंच राहिलं तर त्याला मोड येतात. मोड आलेल्या भाताचा तांदूळ होत नाही.

खलीलने चहा अर्धवट ठेवला. जुबेदाला म्हणाला, “उझमानं मला परवाच सांगितलेलं. मीच नाय बोललो वयनींना.” मग शिडी लावून तो वर चढला आणि माझी पहिली दोरी सोडायला लागला.

धोंडूबाईने शेतातून ते बघितलं. हातातली पेंढी तिथेच टाकून ती कुंपणापर्यंत आली.

“भावजी, काय करताव?”

“ताडपत्री काढतो. तुमच्या भातावर घालू.”

“खाली उतरा. बांधलेला मांडव कार्याआधी सोडत नाय. पोरीचं लग्न हाय. तुमी नि आमचे हे, दोघांनी कधी कुणाचा सोडला होता काय?”

ते खरं होतं. आमच्याकडे हिंदू असो की मुसलमान, एकदा घातलेला मांडव लग्न लागेपर्यंत उतरवत नाहीत. सुतक आलं, भांडणं झाली, तरी खलीलने तो नियम कधी मोडला नव्हता. त्याच्या धंद्याची ती अब्रूच होती.

“वयनी,” तो शिडीवरूनच म्हणाला, “पाऊस थांबणार नाय हे मला रविवारीच ठावं होतं. उझमा बोलली होती, जाऊन सांगा. मी नाय आलो.”

धोंडूबाईने कुंपणाला हात टेकला. मी तिचा चेहरा वरून बघत होते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“एक सबूद टाकायचा होता,” ती म्हणाली. “मी ऐकलं नसतं तर माझी चूक झाली असती.” आणि ती वळून शेताकडे चालू लागली.

खलील शिडीवर तसाच उभा. एका हातात माझी सुटलेली दोरी. खाली दारात उझमा आली होती. अंगाला हळद लागली होती, आणि हळद लागलेल्या मुलीने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणून ती आतूनच बोलली.

“अब्बा, दोरी बांधा परत. मांडव सोडायचा नाही, तर भात मांडवात आणा.”

मित्रांनो, इतकी सोपी गोष्ट. मला न्यायचं नव्हतं, भाताला आणायचं होतं.

जुबेदा आधी उखडली. “आणि वऱ्हाड कुठं बसवू? भाऱ्यांवर? पनवेलचे लोक काय म्हणतील?” बोलता बोलता तिने दोन खुर्च्या उचलल्या आणि भिंतीला लावल्या, मग आणखी दोन. तोंड चालू होतं, पण हातही चालू होते. अर्धा मांडव तिनेच रिकामा केला.

उझमाचं दुसरं म्हणणं असं की पाऊस रोज दुपारनंतर येतो, मग निकाह संध्याकाळी ठेवायचाच कशाला? अकरा वाजता लावा, दोनच्या आत जेवणं उरका. खलीलने व्याह्यांना फोन लावला.

“दुपारनंतर पाऊस हाय आमच्याकडं,” तो म्हणाला.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. कोण सांगतंय, असं व्याही विचारत असावेत.

“माझी मुलगी सांगते,” खलील म्हणाला. “आणि मी एकदा ऐकलं नाय, ते मला महागात पडलंय.”

थोड्या वेळाने नवरा मुलगा रिझवान स्वतः फोनवर आला आणि म्हणाला की अकरा म्हणजे अकरा, आम्ही पोहोचतो.

मग सुरू झाली धावपळ. खलील, नीलेश, जुबेदा, लग्नासाठी आलेल्या बाया, सगळ्यांच्या डोक्यावर भारे. धोंडूबाई भारे बांधून देत होती. खलील समोर आला की ती भारा त्याच्या डोक्यावर ठेवायची, पण त्याच्याकडे बघायची नाही. माझ्याखाली भाताची थप्पी वाढत गेली. ओल्या भाताचा वास मला खूप वर्षांनी आला, आणि मला ट्रकमधली मीठ-साखर आठवली नाही, एवढं खरं.

अडीचला ढग डोंगरावर टेकले. शेताच्या पलीकडच्या टोकाला तिसरा हिस्सा भात अजून पडून होतं. लांबून गडगडाट ऐकू आला. नीलेश आणि बाया मांडवाकडे परतल्या. धोंडूबाई मात्र उलट दिशेने चालू लागली.

“वयनी, फिरा मागं,” खलील ओरडला. “विजा हायेत.”

ती थांबली नाही. दोन फेऱ्यांत आणते म्हणाली. शेताच्या त्या टोकाला एकच आंब्याचं झाड, बाकी सगळं उघडं. पाऊस आला की माणूस झाडाखाली जातो, आणि वीज झाडच शोधते. खलील धावणार तेवढ्यात त्याच्या बाजूने पिवळी साडी पुढे गेली. उझमा उंबरा ओलांडून, अंगण ओलांडून, कुंपणाच्या फटीतून शेतात शिरली होती. तिने धोंडूबाईचा हात धरला.

“काकी, ते राहू दे.”

“अगं बये, तुला हळद लागलेली हाय. बाहेर काय आलीस?”

“तुम्ही आत चला, मग मी पण जाते.”

धोंडूबाईने एकदा त्या पसरलेल्या भाताकडे बघितलं आणि एकदा त्या मुलीच्या पिवळ्या हाताकडे. ती परत फिरली. दोघी मांडवात पोहोचल्या आणि पाठोपाठ पाऊस पोहोचला.

आता माझी पाळी होती. मित्रांनो, ताडपत्रीला पावसाची भीती नसते, झोळाची असते. मध्ये कापड खाली लोंबलं की तिथे पाणी साचतं, आणि साचलेलं पाणी आपल्या वजनाने कापड फाडतं. खलील खालून बांबूने झोळ वर ढकलत राहिला, पाणी कडेने धबाधबा ओतत राहिलं. उंदरांनी पाडलेल्या भोकांवरचं त्याची बेढब ठिगळं टिकली. मग वाऱ्याचा असा एक झोत आला की उत्तरेच्या कोपऱ्यातल्या तीन रिंगा कापडासकट उपटून गेल्या. तो कोपरा फडफडू लागला, खालची थप्पी भिजायला लागली. खलीलच्या दोन्ही हातांत बांबू होता. धोंडूबाईने पुढे होऊन तो कोपरा हातात पकडला आणि अंगाचा भार देऊन खाली ओढून धरला. पाऊण तास ती तशी उभी होती. तिच्या हातांना चिरा पडल्या. मी त्यापुढे फाटले नाही. मला फाटण्याची लाज वाटली असती.

बुधवारी सकाळी मांडवातच झोडणी झाली. जेवणाची टेबलं उलटी-सुलटी करून त्यांवर भारे आपटले. लग्नाची गाणी म्हणायला आलेल्या बाया गाणी म्हणत दाणे पाडत होत्या. दुपारी पुन्हा पाऊस, फोनने सांगितलं होतं तसाच. गुरुवारी अकराच्या आधी रिझवानची माणसं आली. मांडवाच्या एका बाजूला खुर्च्या, दुसऱ्या बाजूला भाताची पोती आणि पेंढ्याचा ढीग. पनवेलची मुलं त्या ढिगावर उड्या मारत होती आणि व्याही पोत्याला टेकून बिर्याणी जेवले. दोन वाजता उझमाची पाठवणी झाली. धोंडूबाईच्या गळ्यात पडून ती रडली. गाड्या हमरस्त्याला लागल्या, आणि तीन वाजता ढगांनी गडगडायला सुरुवात केली. व्याह्यांनी गाडीतून फोन करून खलीलला सांगितलं की तुमची मुलगी हुशार आहे. खलील म्हणाला, “ते मला आधी कळायला हवं होतं.”

शनिवारी पहाटे ढग नव्हते. खलीलने माणसं लावून मला उतरवलं, माझे चार कोपरे ताणून अंगणात पसरलं आणि कुंपणाशी जाऊन उभा राहिला. रविवारी न चाललेली वीस पावलं त्याने आज मोजून घातली असावीत, इतका वेळ त्याला लागला.

“वयनी,” त्याने हाक मारली. “पट्टा सरकला म्हणतात. पाच दिवस ऊन हाय. पोती उघडा, भात वाळत घाला.”

धोंडूबाई शेताच्या त्या टोकाला उभी होती. तिथे राहिलेल्या पेंढ्यांना बोटभर हिरवे मोड आले होते, आणि ती ते गुरांसाठी गोळा करत होती. तिने मान वर केली.

“नक्की ना?”

“नक्की माझ्या हातात नाय. फोन असं म्हणतो. मी फक्त सांगायला आलो.”

“मग बरं,” ती म्हणाली. “एक पोतं उचलायला या. माझे हात चिरलेत.”

दुपारपर्यंत तिचं भात माझ्या अंगावर पसरलं होतं. आयुष्यभर मी लोकांच्या डोक्यावर राहिले. जमिनीवर पडून कुणाचं अन्न अंगावर घ्यायची माझी ही पहिलीच वेळ. जुबेदा अनवाणी फिरत पायाने भात उलटत होती आणि मला धोंड म्हणाली नाही. आता मला माळ्यावर ठेवलेलं नाही, पडवीत बांबूवर टाकलं आहे. तिथून रोज सकाळी खलीलचा आवाज ऐकू येतो. आज ऊन, आज ढग, आज काहीच नाही. अंदाज चुकला की धोंडूबाई त्याला हसते, आणि तोही हसतो.

मित्रांनो, जुन्या ताडपत्रीला जपा, ओली असेल तर वाळवून ठेवा, हे मी सांगायला हवं आणि सांगतेही. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. पावसाची, विजेची बातमी तुमच्या कानावर आली, तर ती खरी की खोटी हे ठरवत घरात बसू नका. कुंपणापर्यंत जा आणि पलीकडच्याला सांगा. पाऊस आला नाही तर तुमचं थोडं हसं होईल, तेवढं सोसा. खलील अजून रोज शेताच्या त्या टोकाकडे बघतो. तिथला एक तृतीयांश तांदूळ कुणाच्याच ताटात आला नाही.